चहा काहून सांडते

माझी नणंद चहाचा कप हातात घेऊन उलटी चालते.

म्हणजे स्वयंपाकघरातून ती पाठीकडून निघते. पाठ बैठकीकडे, तोंड माझ्याकडे, कप दोघींच्या मध्ये. वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे कुरकुरतात. वाटेत फ्रिज आहे, चपलांची मांडणी आहे, सुनेनं कोपऱ्यात ठेवलेली काचेची बाहुली आहे. ती आजवर कशालाही अडखळलेली नाही. अडखळतात ते पाहणारे. शेजारची बेबी एकदा साखर मागायला आली होती. तिनं हे पाहिलं आणि साखर न घेताच गेली. संध्याकाळी परत आली ती हळू आवाजात.

"काकू, शकूबाईले कोणी काही केलं तं नाही ना?"

"काही नाही केलं. असं चाललं का चहा सांडत नाही म्हणतात त्या."

"मंग सरळ चाललं का सांडते?"

"सरळ चालल्यावरबी सांडत नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. साखर किती पाहिजे?"

कारण मला माहीत होतं, पण बेबीला सांगण्यात अर्थ नव्हता. कपातल्या चहाचा एक झोका असतो आणि माणसाच्या पावलाचा एक झोका असतो. झाडाला बांधलेल्या झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो जसा चढत जातो, तसं हे दोन झोके जुळले की चहा चढत जातो आणि काठावरून बाहेर येतो. उलटं चालताना माणूस चाचपडत, वेडंवाकडं पाऊल टाकतो, त्यामुळे ठेका जुळत नाही. हे मला नीट पाठ आहे. पाठ व्हावं अशी माझी काही इच्छा नव्हती.

नणंद आहे म्हणून मी तिला शकूबाई म्हणते आणि बोलताना 'तुमी' म्हणते. बाकी मान काही देत नाही. लिहिताना 'ती' लिहिते आहे, कारण हे ती वाचणार नाही. गोष्टीरूप काही तिला आवडत नाही. त्यात आकृती नसते.

दारव्ह्याला एका कॉलेजात ती तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होती. काचेची भांडी धुवायची, स्टँड मांडायचे, पोरांनी फोडलं तर वहीत लिहायचं. शिक्षक बदलले, पोरं बदलली, प्रयोग तेच राहिले. तीस वर्षं तेच तेच ऐकलं तर म्हशीलाही लंबक समजला असता, असं मी एकदा बोलले. तिला राग आला नाही. "म्हशीची शेपटीबी लंबकच हाय, वयनी," ती म्हणाली, आणि घड्याळ घेऊन शेजारच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. दुपारच्या जेवणाला आली तेव्हा तिच्याजवळ कागदावर तीन ओळी आकडे होते आणि अंगाला वास होता.

तीन ओळी, कारण कोणतीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय ती खरी मानत नाही. "एका रीडिंगचं काही खरं नसते," हे तिचं बोलणं. भाजीचं मीठ तीनदा चाखते. डॉक्टरला बीपी तीनदा घ्यायला लावते. माझा मुलगा दहावीत नापास झाला तेव्हा घरात सगळे डोक्याला हात लावून बसले होते. ही म्हणाली, "हे एकच रीडिंग हाय. आणखी दोनदा बसू द्या त्याले." तो आणखी दोनदा बसला. तिसऱ्यांदा पास झाला. हिनं कागदावर सरासरी काढली आणि म्हणाली, वाईट नाही.

तिचं दुसरं बोलणं म्हणजे "उगाच काही होत नसते." उन्हाळ्यात कूलरच्या नळीतून पाणी थेंब थेंब पडतं, आपण खाली डबा ठेवतो आणि झोपतो. ती डब्याशेजारी बसते. थेंब तुटायच्या आधी मान काढतो, ती मान केवढी लांब होते ते पाहते. भाकर फुगली की सगळ्यांना खायची घाई, तिला ती कोणत्या बाजूनं आधी फुगली याची. नळाखाली बादली लावली की आतल्या खोलीतून, आवाजावरूनच, "भरली" म्हणून ओरडते. पाणी वर येतं तसा आवाज बारीक होत जातो म्हणे. हे एक कामाचं आहे. तिच्यामुळे आमच्या दारात पाणी कधी वाहून गेलं नाही.

बाकी नुकसानच आहे. एकदा मी तिला दुधाजवळ उभं केलं आणि अंगणात गेले. परत आले तर दूध ओट्यावरून खाली उतरत होतं आणि ती कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"अवं, दूध उतू गेलं ना!"

"हो. मी पाहून राह्यली होती."

"पाहून राह्यल्या होत्या? गॅस काहून नाही बंद केला?"

"बंद केला असता तं दिसलं असतं काय?"

कुरडयांच्या दिवसांत तर तिला गल्लीतल्या बायकांनी बंदीच केली आहे. आमच्याकडे कुरडया एकटीनं होत नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा सगळ्या मिळून करतो. ऊन चढायच्या आत गव्हाचा चीक शिजवून, साच्यातून काढून, धोतरावर घालून मोकळं व्हायचं असतं. ही ऐन वेळी पळीभर चीक घेऊन स्टुलावर चढली आणि वरून धार सोडायला लागली. धार खाली पडताना आपोआप वेटोळं करते, दोरी गुंडाळावी तसं. जवळून सोडली तर मोठं वेटोळं, हळू. वरून सोडली तर बारीक आणि भराभर. ती सांगत होती ते खरं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण तोवर गंजातला, म्हणजे पातेल्यातला, चीक आवळून घट्ट झाला. बेबीची सासू म्हणाली, "शकू, तुह्या वेटोळ्यानं माह्या कुरडया गेल्या." तेव्हापासून चीक शिजला की आधी स्टूल लपवतात.

पण दूध, थेंब, शेपटी ही सगळी तिची वरवरची कामं. खरं काम एकच, चहा. त्यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तिला पाहायला दिग्रसचे पाहुणे आले होते. तेव्हा आम्ही गावातल्या जुन्या मातीच्या घरात राहत होतो. ती वीस वर्षांची, उंच, सावळी, दहावी पास. मुलगा चांगला होता. मी फटीतून पाहिला होता. ती ट्रे घेऊन बाहेर गेली आणि मुलाच्या वडिलांसमोर वाकताना चहा सांडला. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर. ते ओरडले नाहीत. उठले, धोतर झटकलं, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

माझ्या सासूनं, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं, "सांडला कशानं?"

शकूबाई म्हणाली, "हात हालला."

ते बोलणं बाहेर गेलं. पुढच्या दोन ठिकाणांनी येण्याआधीच विचारलं की पोरीच्या हाताला कंप आहे काय. तिसरं आलंच नाही. मग तिला कॉलेजात नोकरी लागली आणि लोकांना म्हणायला बरं झालं की तिलाच लग्न करायचं नव्हतं. ती रडलेली मी पाहिली नाही. पाहुणे गेले त्या दुपारी ती मोरीत बसली होती आणि एका कपात पाणी घेऊन तो हळूहळू हालवून पाहत होती.

आता एक गोष्ट घरात कोणाला माहीत नाही ती सांगते. ते कप मी भरले होते.

मी एकोणीस वर्षांची, लग्न होऊन सहा महिने झालेले. आमच्याकडे पाहुण्याला कमी भरलेला कप देणं म्हणजे त्याला उठा म्हणणं. चहा बशीत उतरला पाहिजे, तेव्हा तो मनापासून दिलेला. माझ्या आईनं हेच शिकवलं होतं आणि चौथीपर्यंतच्या शाळेत याच्या विरुद्ध काही शिकवलं नव्हतं. मी सगळे कप असे भरले की चहा काठाच्या वर फुगून उभा राहिला. असे कप घेऊन कोणी सरकसवालाही चार पावलं चालला नसता. सासूनं विचारलं तेव्हा मी चुलीपाशीच होते. काही बोलले नाही. बोलायची वेळ एकदा गेली की मग ती रोज जातच राहते.

त्यामुळे चहा का सांडतो हे शकूबाई शोधायला लागली तेव्हापासून माझ्या घरातच पोलीस राहत होता.

आधी तिनं पावलं धरली. मग कपाचं तोंड. रुंद तोंडाच्या कपात झोका मोठा, अरुंद कपात लहान. मग धरायची पद्धत. कान न धरता वरून पाच बोटांनी काठ धरून कप लटकवत न्यायचा, घार कोंबडीचं पिल्लू नेते तसा. मग फेस. फेसाचा चहा कमी हिंदकळतो, कारण बुडबुडे कपाच्या भिंतीला घासत राहतात आणि चहाची मस्ती जिरवतात. एकदा ती बसस्टँडवरच्या चहावाल्याची तारेची कडी मागून घेऊन आली. ग्लास ठेवतात ना, वर मूठ असते, ती. सहा ग्लास चहा भरला आणि अंगणात उभी राहून कडी डोक्यावरून गोल फिरवली. एक थेंब पडला नाही. सून तेव्हा कपडे वाळत घालत होती. ती ओला टॉवेल हातात घेऊन बेबीकडे गेली आणि दोन तासांनी आली.

दरवेळी मला वाटायचं, आता पुढचा प्रश्न कप किती भरला होता हाच असणार. तो यायचाच नाही. चपला झाल्या, जमिनीचा उतार झाला, हातातल्या बांगड्यांचं वजन झालं. सगळ्यांत सोपी गोष्ट तिच्या ध्यानात येत नव्हती. इतकी वर्षं कॉलेजात काढूनही. मला कधीकधी तिची कीव यायची.

मग माझी नात पल्लवी यात पडली. ती नागपूरला कम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि सुट्टीत येते. एका दिवाळीत तिनं शकूआजीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे कम्प्युटरमध्ये करता येतं. कप खोटा, चहा खोटा, चालणारं माणूस खोटं, पण सांडणं खरं. याला सिम्युलेशन म्हणतात. शकूबाईला एवढा आनंद मी कॉलेजची पेन्शन सुरू झाली तेव्हाही पाहिला नव्हता. दोघी दिवसभर ओट्यावर बसायच्या. पल्लवीनं मोबाइल तिच्या कमरेला खोचला आणि तिला गल्लीतून चालवलं, पावलं मोजायला. गल्लीनं या वेळी लिंबू उतरवायचा सल्ला दिला.

एका सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि पडद्यावर निळं पाणी डुलत होतं.

"शकूआजी, तेव्हाचा कप केवढा होता?"

"तोंडाशी तीन इंच. उंची अडीच."

"तुला कसं आठवते?"

"धरला होता ना मी."

"बरं. आणि भरला किती होता?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ते राहू दे," शकूबाई म्हणाली. "चप्पल घालून एकदा अन् अनवाणी एकदा, तसं करून पाह्य."

"अगं, पण ते टाकल्याशिवाय पुढे जातच नाही."

"मंग टाक काहीबी. अर्धा टाक."

पल्लवीनं अर्धा टाकला. निळं पाणी इकडून तिकडे गेलं, तिकडून इकडे आलं, सांडलं नाही. तीनदा केलं. तीनदा सांडलं नाही.

"बिघडलं तुह्यं मशीन," शकूबाई म्हणाली, आणि उठून आत गेली. पल्लवी माझ्याकडे पाहायला लागली. मी शेंगा सोलल्या.

हे होऊन तीन महिने झाले असतील, पांढरकवड्याहून निरोप आला. मुलाचं नाव निखिल, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. वडलांचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान. पल्लवी त्याच्याशी फोनवर बोलली होती आणि बोलून झाल्यावर जेवताना उगाच हसत होती, म्हणून मी समजले. हे जमावं असं मला फार वाटत होतं. रविवारी ते लोक येणार होते.

पल्लवी म्हणाली, "मी ट्रे-ब्रे घेऊन येणार नाही. कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?"

सून म्हणाली, "दोन मिनिटांचं काम हाय बाप्पा, माह्या मानासाठी कर."

शकूबाई म्हणाली, "मी शिकवते. मशीनवर केलं तसं. आता खरं करून पाहू."

पल्लवी तयार झाली. मुलासाठी झाली की प्रयोगासाठी, ते मी विचारलं नाही.

सगळा आठवडा घरात तालीम होती. शकूबाईचं म्हणणं होतं की पल्लवीनं उलटंच यावं. सुनेनं सांगितलं की पोरगी पाहुण्यांसमोर पाठीकडून आली तर मी माहेरी जाईन. तेव्हा सरळ चालणं ठरलं, पण सावकाश, अन् दर चौथ्या पावलाला चाल बदलून. फेस यावा म्हणून चहा हातभर वरून गाळायचा. कप अरुंद तोंडाचे, ते तिनं स्वतः बाजारातून पट्टी लावून आणले. आणि शनिवारी सकाळी तिनं शेवटचं सांगितलं.

"दोन बोटं कमी भरायचे, वयनी."

"पाहुण्याले?"

"पाहुण्यालेच."

"पांढरकवड्याहून येऊन राह्यले ते लोक. दोन बोटं कमी चहा प्याले?"

"लोकं एका रीडिंगवर पोरगी नापास करतात," ती म्हणाली. "दोन बोटं."

कप किती भरायचा यावर मी जास्त वाद घालणं बरं दिसलं नसतं.

रविवारी अकराला गाडी आली. निखिल, त्याचे वडील, त्याची आई. वडील भरदार, हसरे, हातांना टायरचा काळेपणा कायमचा बसलेला. आईची नजर घरभर एकदा फिरली आणि बाहुलीवर थांबली. मुलगा बारीक, चश्मेवाला, कुठं बसावं ते न समजून सगळ्यांत वाईट खुर्चीवर बसला. मला तो आवडला.

पोहे झाले. पल्लवी ट्रे घेऊन निघाली. शकूबाई दाराआड मनगटावरचं घड्याळ पाहत उभी होती. पल्लवी चौथ्या पावलाला थांबल्यासारखी झाली, परत निघाली, मुलाच्या वडलांसमोर वाकली. थेंब नाही. आईसमोर वाकली. थेंब नाही. निखिलसमोर वाकली. थेंब नाही. दाराआडून श्वास सोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

इथं मी बसून राहायला पाहिजे होतं.

पण मुलाच्या आईनं कपात पाहिलं. एकदाच, खाली. मग वर. ती नजर मला ओळखू येते. माझ्या आईची तीच होती. दोन बोटं रिकामा कप, आणि वर फेस, म्हणजे आत काहीच नाही. मला तिथं बसवेना. मी स्वयंपाकघरात गेले, सांडशीनं चहाचा गंज उचलला आणि बाहेर आले.

"घ्या ना, थोडा थोडा घ्या."

आईनं कप पुढं केला नाही, पुरे म्हणाली. वडिलांचा अर्धा पिऊन झाला होता, ते नको म्हणाले. निखिल नाही म्हणायला शिकलेला नव्हता. त्याचा कप मी भरला. पहिल्यांदाच घरी आलेला मुलगा, कदाचित जावई. हातानं आपलं काम केलं. चहा काठाच्या वर फुगला तेव्हा मी थांबले.

त्याच वेळी शकूबाई दाराआडून बैठकीत आली. खुर्ची रिकामी नव्हती. म्हातारी बाई उभी आहे हे पाहून मुलगा उठला, त्या भरलेल्या कपासकट, आणि तिला बसायला जागा द्यायला बाजूला झाला. दोन पावलं. सगळा चहा त्याच्या फिक्या रंगाच्या पँटीवर, थोडा दिवाणावरच्या नव्या चादरीवर.

"काय रे!" आई म्हणाली. "लोकायच्या घरी आला ना तू! हातात जीव नाही काय?"

वडील म्हणाले, "होते असं," आणि खिशातून रुमाल काढून दिला.

मी गंज धरून उभी होते. मुलाच्या हाताला कंप आहे काय, असं आमच्याकडून कोणी विचारलं नाही. मुलानं चहा सांडला म्हणून लग्न मोडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

"पोराची चूक नाही," शकूबाई म्हणाली. प्रयोगशाळेत पोरांना सांगत असेल, तसंच. "कप लय भरला होता."

सगळे कपाकडे पाहायला लागले. मग माझ्या हातातल्या गंजाकडे.

"मी भरला," मी म्हटलं.

"नाही नाही आजी, माझंच लक्ष नव्हतं," निखिल म्हणाला.

शकूबाई त्याच्याकडे वळली. "किती पावलं चालला तू?"

"दोन."

"आणखी दोनदा चाल बरं. वयनी, भर तितकाच."

मुलानं आईकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलं. पल्लवी तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग तो चालला. मी तितकाच भरला, तो दोन पावलं चालला, सांडला. परत भरला, परत चालला, परत सांडला. शकूबाईनं तीनही वेळा किती सांडला ते पाहिलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. त्याची पँट गेलीच होती. चौथ्यांदा त्यानं आपणहून विचारलं, "आजी, अर्धा भरून पाहायचा काय?" मुलाचे वडील पोट धरून हसत होते. आईसुद्धा शेवटी पदर तोंडाला लावून हसली, पण आधी चादरीची किंमत मनात करून झाल्यावर.

ते लोक दीड वाजता गेले. निघताना मुलाची आई माझ्या सुनेला म्हणाली, पोरीचं पोरीनं ठरवू द्या, आमचं काही नाही. पल्लवी आणि तो गाडीपाशी बोलत उभे होते, आणि गाडीचं इंजिन सुरू होऊनही बराच वेळ बोलत होते.

मी आणि शकूबाई कप धुवायला बसलो. मी घासत होते, ती पुसत होती. तीस वर्षं काच पुसून तिचा हात फार साफ आहे. सून बैठकीत चादर काढत होती. चार कप झाले. पाचव्याला मी बोलले.

"दिग्रसचे आले होते तवाचे कपबी मीच भरले होते."

"हो."

"तुमाले माहीत होतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं की सूर्य कुठून उगवतो.

"ट्रे घेऊन मीच तं गेलती, वयनी. मले दिसत नव्हते काय?"

हे अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी कप विसळला. पुन्हा विसळला.

"मंग तवा बोलल्या काहून नाही? हात हालला म्हणून काहून सांगितलं?"

"मायनं तुले माहेरी धाडलं असतं. सहा महिने तं झाले होते तुले येऊन. घरात कोणाशी बोलत बी नव्हती तू."

नळ चालू राहिला होता. मी बंद केला.

"अन् मंग हे सारं कायले? हे उलटं चालणं, फेस, ते पल्लवीचं कम्प्युटर? कारण तं माहीत होतं तुमाले."

तिनं कप पुसून उजेडात धरला, आत पाहिलं, परत पुसला.

"दुसरं काही कारण निघते काय, ते पाहून राह्यली होती."

"निघालं?"

"निघालं ना," ती लगेच म्हणाली. ती लगेच कधी काही सांगत नाही. "उंबरठा. बैठकीचा उंबरठा वर होता, त्याले पाय लागला माह्या. अर्धा कप असता तरी सांडलाच असता. कोणीबी भरला असता तरी."

त्या जुन्या घराच्या बैठकीला उंबरठा नव्हता. सहा महिने रोज सकाळी मी ती जमीन शेणानं सारवली होती, आतल्या खोलीपासून ओसरीपर्यंत एका दमात, मध्ये कुठंही हात उचलावा लागला नव्हता.

"असन," मी म्हटलं, आणि तिच्या हातातला कप घेतला.